तुटलेल्या नर्व्हमधली फट आणि नळीचा पूल: साहित्य, मापं, मर्यादा

टाकाधागा (धागालेखक)

मराठीत ‘नस कापली’ म्हटलं की रक्तवाहिनी, कंडरा आणि मज्जातंतू तिन्ही एकाच पोत्यात जातात. हा धागा फक्त मज्जातंतूंसाठी आहे, त्यांना इथे सरळ नर्व्ह म्हणतो. त्यातही हातापायांतल्या नर्व्ह. मेंदू आणि मज्जारज्जूचं गणित वेगळं आहे, त्याबद्दल कुणीतरी विचारेलच, तेव्हा बोलू.

नर्व्ह म्हणजे तांब्याची तार नव्हे, दोन टोकं जोडली की दिवा लागला असं होत नाही. तिच्यात हजारो ॲक्सॉन (चेतापेशींचे लांब धागे) असतात आणि त्यांना वेढून श्वान पेशी (कुत्र्याशी काही संबंध नाही, थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाचं नाव आहे). ॲक्सॉनचा पेशीदेह मज्जारज्जूत किंवा त्याच्या लगत असतो. त्यामुळे मनगटाशी नर्व्ह कापली की मनगटापासून बोटांपर्यंतचा ॲक्सॉनचा सगळा भाग मरतो. हे वॉलरने १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या नर्व्हवर दाखवलं. उरतात ती रिकामी आवरणं आणि त्यांत रांगेने उभ्या राहिलेल्या श्वान पेशी. मागच्या टोकातून नवे कोंब फुटतात आणि या रांगा धरून दिवसाला साधारण १ मि.मी. पुढे सरकतात.

टोकं ताणाशिवाय जवळ येत असतील तर शिवावीत, नळीचा विषयच नाही. अडचण फटीची. ओढून शिवलं तर काय होतं ते लुंडबोर्ग आणि रायडेविक यांनी १९७३ मध्ये सशावर मोजलं: नर्व्ह ८ टक्के ताणली की बारीक नीलांमधला प्रवाह मंदावायला लागतो, १५ टक्क्यांना रक्तपुरवठा पूर्ण थांबतो. म्हणून फट भरावी लागते. रूढ उपाय म्हणजे पोटरीची स्यूरल नर्व्ह काढून तिथे बसवणं. एका पायातून ३० ते ४० सें.मी. मिळते, बदल्यात पावलाची बाहेरची कड बधिर होते. दुसरा उपाय पेशी धुऊन काढलेली, दात्याकडून आलेली नर्व्ह. तिसरा नळी, म्हणजे दोन्ही टोकं आत घालून शिवायची बारीक पोकळ नळी.

नळीच्या आत घडतं ते असं. पहिल्या काही तासांत दोन्ही टोकांतून द्रव पाझरतो. आठवड्याभरात त्यातलं फायब्रिन (गुठळीतलं धागेदार प्रथिन) साखळून एक दोर तयार होतो. मग त्या दोरावरून श्वान पेशी आणि रक्तवाहिन्या सरकतात आणि त्यांच्यामागून ॲक्सॉन. हा क्रम लुंडबोर्गच्या सिलिकॉन नळीतल्या प्रयोगांतून १९८०च्या दशकात स्पष्ट झाला. म्हणजे पूल शरीरच बांधतं, नळी फक्त जागा राखते आणि बाहेरचा व्रण आत शिरू देत नाही. बाजारातल्या बहुतेक नळ्या आतून पोकळ का, याचं उत्तरही यातच आहे.

साहित्याबद्दल लिहिणारे इथे आहेत हे ठाऊक आहे. प्रत्येकाने आपापल्या टोकाकडून लिहावं.

मनगटवाला

धागा चांगला, पण ‘जागा राखते’ यावर समाधान मानू नका. किती जागा, हा खरा प्रश्न आहे. चर्चेत सगळे फटीची लांबी सांगतात, व्यास कुणी सांगत नाही.

हिशेब करून बघा. आतला व्यास २ मि.मी. आणि फट १० मि.मी. असेल तर पोकळी भरते सुमारे ३१ मायक्रोलिटर. व्यास ५ आणि फट ३० मि.मी. असेल तर ५८९. लांबी तिप्पट, पण पोकळी एकोणीसपट. ती फायब्रिनने भरायची, तीही दोन टोकांतून पाझरणाऱ्या द्रवाच्या जोरावर. दोर मधोमध बारीक होत जातो, डमरूसारखा, आणि पुरेसा बारीक झाला की तुटतो. म्हणूनच बोटाच्या स्पर्शाच्या नर्व्हला नळी चालते आणि मनगटातल्या मोठ्या मीडियन नर्व्हला ३ सें.मी.ची पोकळ नळी घातली की बहुतेक वेळा पदरी काही पडत नाही. पाकिटावर ‘३ सें.मी.पर्यंत’ लिहिलेलं असतं. ते वाचून मोठ्या मिश्र (स्पर्श आणि हालचाल दोन्हींच्या) नर्व्हला नळी वापरू नये.

हाताशी धरण्याजोगं साधं माप: बोटाची स्पर्शाची नर्व्ह, फट १० ते १५ मि.मी.च्या आत, नर्व्हचा व्यास ३ मि.मी.पर्यंत, तर नळीचा विचार करा. हालचालीची किंवा मिश्र नर्व्ह, मोठा व्यास, लांब फट, तर स्वतःच्या पायाची नर्व्ह. वेबर आणि सहकाऱ्यांच्या २००० सालच्या चाचणीत ९८ रुग्णांच्या हातातल्या १३६ तुटलेल्या नर्व्ह होत्या आणि पॉलिग्लायकॉलिक ॲसिडची नळी. एकूण निकालात नळी आणि रूढ पद्धत यांत फरक आला नाही. मात्र ४ मि.मी. किंवा त्याहून कमी फटीत सरळ शिवण्यापेक्षा नळी सरस ठरली. लोक ही चाचणी ‘नळी चालते’ म्हणून सांगतात आणि ‘बोटाला’ हा शब्द गाळतात.

शंकासुर

४ मि.मी.ला नळी सरस कशी? तेवढी फट तर ओढून सहज बंद होते.

मनगटवाला

होते, म्हणूनच. ओढून शिवताना टाक्यापाशी ताण येतो आणि आतल्या ॲक्सॉनच्या जुड्या एकमेकींसमोर चुकीच्या येऊन बसतात. टोकांमध्ये २-३ मि.मी. मोकळी ठेवली तर कोंबांना आपापली वाट शोधायला थोडा वाव मिळतो. काही जण म्हणूनच नळीचा उपयोग फट भरण्यापेक्षा जोड सावरायला करतात.

बसवण्याची पद्धत लिहितो, कारण नळी फसते ती बऱ्याचदा इथेच.

आधी टोकं छाटणं. नव्या ब्लेडने, कडक पाठीवर, १-१ मि.मी.चे काप घेत जायचं. कापलेल्या तोंडातून जुड्या फुगून बाहेर डोकावल्या पाहिजेत, त्यांच्यामध्ये पांढरा कडक व्रण दिसता कामा नये. व्रण दिसला तर आणखी छाटा. फट वाढली तर वाढू दे. छोट्या फटीच्या मोहापायी व्रण आत ठेवला तर पुढचं सगळं फुकट. फट मोजायची ती या छाटणीनंतर, आणि सांधा सरळ ठेवून. मनगट वाकवून ८ मि.मी. मोजलेली फट सरळ मनगटात १५ असू शकते.

टूर्निके (रक्त अडवायला बांधलेला पट्टा) सैल करून रक्तस्राव थांबवा, मगच नळी. आत गुठळी साचली तर फायब्रिनच्या दोराची जागा तीच खाते. नळीचा आतला व्यास नर्व्हपेक्षा अर्धा ते एक मि.मी. जास्त घ्या, कारण नर्व्ह पुढचे काही दिवस सुजते. घट्ट नळी म्हणजे बोटात अडकलेली अंगठी. लांबी म्हणजे फट अधिक दोन्हीकडे २ मि.मी. कोलाजेनची नळी वापरण्याआधी सलाइनमध्ये भिजवून मऊ करायची, कोरडी टोचली तर चिरते.

टाका ८-० किंवा ९-० नायलॉनचा, इंग्रजी यू अक्षरासारखा: नळीच्या बाहेरून आत, नर्व्हच्या बाह्यावरणातून आडवा, परत नळीच्या आतून बाहेर. गाठ बसते तसं टोक नळीत २ मि.मी. ओढलं जातं. एका टोकाला एक-दोन टाके पुरतात. दुसरं टोक बसवण्याआधी बारीक सुईने हेपॅरिन (गुठळी होऊ न देणारं औषध) घातलेलं सलाइन आत सोडा आणि हवेचे बुडबुडे काढा. बुडबुडा राहिला तर तिथे दोर तुटकाच बनतो. शेवटी सांधा पूर्ण हलवून बघा. नळी सरकत किंवा दुमडत असेल तर पुन्हा करा, ‘पट्टी बांधली की राहील’ म्हणू नका. दोन ते तीन आठवडे स्प्लिंट.

कातणकर

साहित्याकडून. रूढ नळ्या तीन जातींच्या. पॉलिग्लायकॉलिक ॲसिडची न्यूरोट्यूब, अमेरिकेत १९९९ मध्ये परवानगी. गाईच्या कोलाजेनची न्यूराजेन, २००१. लॅक्टाइड आणि कॅप्रोलॅक्टोनच्या मिश्रणाची न्यूरोलॅक. पहिली साधारण तीन महिन्यांत विरघळते, कोलाजेनची कित्येक महिने ते काही वर्षं टिकते, तिसरी साधारण सव्वा वर्ष. तिसऱ्या जातीची नळी पारदर्शक असल्याने आत टोक कुठे आहे ते दिसतं, पण ती ताठ असते आणि कोमट सलाइनमध्ये ठेवूनच मऊ करावी लागते. सिलिकॉन विरघळत नाही. काही महिन्यांनी ते वाढलेल्या नर्व्हला दाबू लागलं तर काढायला दुसरी शस्त्रक्रिया. म्हणून ते प्रयोगशाळेपुरतंच उरलं. त्याहून जुनं म्हणाल तर जर्मन सर्जन ग्लुकने १८८० मध्ये खनिज काढून टाकलेल्या हाडाची नळी वापरून पाहिली होती, म्हणजे कल्पना काही कालची नाही.

कायटोसनही आलं आहे, कोळंबी-खेकड्यांच्या कवचातल्या कायटिनपासून. त्यात ॲसिटिल गटांचं प्रमाण सगळं ठरवतं: कमी असेल तर नळी जास्त दिवस टिकते, जास्त असेल तर लवकर झिजते. पावडरच्या डब्यावर फक्त ‘कायटोसन’ लिहिलेलं असेल तर ती नळीसाठी घेऊ नका.

आता सुताकडे. पोकळ नळीत श्वान पेशींना धरायला काही नसतं, म्हणून आत एका दिशेचे तंतू घालायची धडपड चालते. इलेक्ट्रोस्पिनिंगमध्ये (विजेच्या दाबाने द्रावणातून बारीक तंतू ओढणं) पॉलिकॅप्रोलॅक्टोन या झिजणाऱ्या प्लॅस्टिकचं साधारण चालणारं माप: रेणुभार ८०,०००, क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉल ३:१, द्रावण १०-१२ टक्के, १५ ते १८ किलोव्होल्ट, सुई ते पृष्ठभाग १२-१५ सें.मी., तासाला १ मिलिलिटर. द्रावण पातळ झालं की तंतूंऐवजी मणी पडतात. घट्ट झालं की सुईच्या तोंडाशी वाळून अडतं.

इथे नवशिक्यांची एक हमखास चूक होते. ते १.५ मि.मी.ची सळई जोरात फिरवून तिच्यावरच तंतू गोळा करतात आणि म्हणतात, तंतू एका दिशेत आले. एक तर आलेले नसतात: १.५ मि.मी.ची सळई मिनिटाला २,००० फेरे फिरवली तरी पृष्ठभागाचा वेग सेकंदाला फक्त १६ सें.मी. आणि समजा आलेच, तर ते नळीभोवती गोल आले, बांगडीसारखे. ॲक्सॉनला जायचंय लांबीच्या दिशेने. खरा मार्ग: १० सें.मी. व्यासाचा ड्रम त्याच २,००० फेऱ्यांवर (वेग सेकंदाला सुमारे साडेदहा मीटर), त्यावर पातळ पत्रा कातायचा, पत्रा कापून तंतूंची दिशा नळीच्या अक्षाला समांतर येईल असा सळईवर गुंडाळायचा, आणि वरून सळई हळू फिरवत अस्ताव्यस्त तंतूंचा थर द्यायचा. तो वरचा थर टाका धरून ठेवतो. नुसत्या समांतर तंतूंच्या नळीला टाका घातला की ती उभी फाटते, केळीच्या सोपटासारखी.

दमट_हवा

कातणकर, पावसाळ्यात कोकणपट्टीत हेच माप चालत नाही हेही लिहा. क्लोरोफॉर्म झपाट्याने उडतो, तंतूचा पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेतलं पाणी त्यावर साचतं. सूक्ष्मदर्शकात तंतू चाळणीसारखे खड्ड्याखड्ड्यांचे दिसतात. पेटी बंद करून आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवा. एसी लावला म्हणजे झालं असं नाही, आर्द्रतामापक पेटीच्या आत हवा.

कातणकर

बरोबर. आणि दोन गोष्टी राहिल्या. सळईवरून नळी ओढून काढू नका, ७० टक्के इथेनॉलमध्ये भिजवून फिरवत सरकवा. मग निर्वातात दोन दिवस वाळवा, कारण उरलेला क्लोरोफॉर्म पेशी मारतो आणि दोष साहित्याच्या माथी येतो. शिवाय पॉलिकॅप्रोलॅक्टोन पाणी झिडकारतं. थेंब त्यावर अळवाच्या पानावरच्यासारखा उभा राहतो आणि पेशी चिकटत नाहीत. प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) किंवा सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडने पृष्ठभाग बदला, मग लॅमिनिन किंवा कोलाजेन या पेशींना धरायला उपयोगी प्रथिनांचा लेप. निर्जंतुकीकरण ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या गरम वाफेत) नाही: हे प्लॅस्टिक ६० अंशांच्या आसपास वितळतं. इथिलीन ऑक्साइड वापरा आणि वायू निघून जायला पुरेसे दिवस द्या. गॅमा किरणांनी रेणुसाखळ्या तुटतात आणि झिजण्याचा वेग बदलतो. म्हणून झिजण्याची चाचणी निर्जंतुक केलेल्या नळीवरच करा, आधीच्या नव्हे.

रेशीमगाठ_

रेशमाचा उल्लेख कुणी केला नाही. तुतीच्या रेशमाची कृती ठरलेली आहे: २ लिटर उकळत्या पाण्यात ४.२४ ग्रॅम सोडियम कार्बोनेट, त्यात कापलेले ५ ग्रॅम कोष, ३० मिनिटं. सेरिसिन (वरचा डिंकासारखा थर) निघून जातं. जास्त उकळलं तर फायब्रॉइनच्या (रेशमाच्या मूळ प्रथिनाच्या) साखळ्याही तुटतात आणि पुढे नळी ठिसूळ होते. धुऊन वाळवून ९.३ मोलर लिथियम ब्रोमाइडमध्ये ६० अंशांवर चार तास, मग दोन दिवस पाण्यात डायलिसिस (पातळ पडद्यातून क्षार काढून टाकणं). द्रावण ढवळू नका, घट्ट होऊन बसतं. सळईवर थर द्या आणि मिथेनॉलमध्ये बुडवा, म्हणजे ते पाण्यात परत विरघळत नाही.

भंडारा-गडचिरोलीकडचा टसर इथे मोहात पाडतो. त्याच्या फायब्रॉइनमध्ये पेशींना चिकटायला उपयोगी पडणारा आर्जिनिन, ग्लायसिन, ॲस्पार्टिक ॲसिड असा क्रम मुळातच असतो, तुतीच्या रेशमात तो नाही. पण टसरचा कोष लिथियम ब्रोमाइडमध्ये धड विरघळत नाही. फायब्रॉइन बहुधा अळीच्या रेशीमग्रंथीतून काढावं लागतं, म्हणजे अळी कोष विणण्याआधीच हवी. कोषांचं पोतं आणून काम भागत नाही.

शंकासुर

एवढं करण्यापेक्षा नळीत वाढीचे घटक भरले तर? किंवा वीजवाहक प्लॅस्टिक?

टाकाधागा

वाढीचे घटक एका जागी भरपूर ठेवले तर ॲक्सॉन तिथवर येतात आणि तिथेच घुटमळतात, गुळाच्या खड्याला मुंगळे लागावेत तसे. पुढे सरकतच नाहीत. जीडीएनएफ या घटकाबाबत हे प्राण्यांत स्पष्ट दिसलं आहे. मात्रा हळूहळू आणि लांबीभर सुटली पाहिजे, आणि ते जमवणं नळी बनवण्यापेक्षा अवघड.

वीजवाहक नळीबाबत गैरसमज असा की संदेश तिच्यातून वाहील. नाही. नर्व्हचा संदेश म्हणजे ॲक्सॉनच्या पडद्यातून आयनांची ये-जा, प्लॅस्टिकमधले इलेक्ट्रॉन तिथे कामाचे नाहीत. विजेचा उपयोग वेगळा आहे: शस्त्रक्रियेच्या वेळी मागच्या टोकाला २० हर्ट्झने एक तास उत्तेजन दिलं तर कोंब फट लवकर ओलांडतात, हे गॉर्डन आणि सहकाऱ्यांनी आधी उंदरांत आणि पुढे कार्पल टनेलच्या (मनगटात नर्व्ह दबलेल्या) रुग्णांत दाखवलं. त्यासाठी नळी वीजवाहक असायची गरज नाही.

आणि उंदरांचे निकाल वाचताना एक खूणगाठ. उंदराच्या सायाटिक नर्व्हमध्ये (मागच्या पायाची मोठी नर्व्ह) १० मि.मी.ची फट साधी सिलिकॉन नळीसुद्धा भरून काढते, १५ ला मात्र पोकळ नळी हरते. तेव्हा १० मि.मी.वर ‘आमची नळी यशस्वी’ म्हणणाऱ्या निबंधाने फारसं काही सिद्ध केलेलं नसतं.

पाऊलवाट

वाखूसा (वाचनखूण साठवली). दोन भाबडे प्रश्न. मधुमेहात पायांना मुंग्या येतात, बधिरता येते, तिथे अशी नळी चालेल का? आणि कुष्ठरोगात?

हाताचा_तळवा

भाबडे नाहीत, हे रोज विचारले जातात. दोन्हींत नाही. मधुमेहात नर्व्ह कुठे तुटलेली नसते. लांबात लांब ॲक्सॉन टोकाकडून मागे मरत येतात, म्हणून बधिरता पावलांपासून सुरू होते. जोडायला टोकंच नाहीत. साखर आटोक्यात ठेवणं आणि पायांची रोज तपासणी, यावरच भर. कुष्ठरोगात जंतू श्वान पेशींतच राहतात आणि सूज नर्व्हच्या लांबच लांब भागावर पसरते. तिथे बहुविध औषधोपचार आणि नर्व्हवर सूज असताना वेळेवर स्टेरॉइड, काही वेळा दाब मोकळा करणं. हात वाकडा राहिला तर कंडरा स्थलांतर (चालू स्नायूची कंडरा दुसरीकडे जोडणं). वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी ते काम उभं केलं.

नळी बसल्यावरच्या काळाबद्दल. दिवसाला १ मि.मी. लक्षात ठेवा. नर्व्ह कोपराशी तुटली असेल तर पंजाच्या बारीक स्नायूंपर्यंत ३० सें.मी. धरा: ३०० दिवस, वर सुरुवातीचा महिनाभर. स्नायू इतका काळ वाट बघत नाहीत, १२ ते १८ महिन्यांनी त्यांची जोडणीची ठिकाणं निकामी होतात. म्हणून अल्नर नर्व्हच्या (करंगळीकडची नर्व्ह) कोपराजवळच्या इजेत मनगटाजवळची दुसरी चालू नर्व्ह वळवून जोडण्याचा विचार सुरुवातीलाच व्हायला हवा, नऊ महिने नळीकडे डोळे लावून नव्हे.

प्रगती बघायची ती टिनेलच्या खुणेने: नर्व्हच्या वाटेवर बोटाने टकटक करत जा, झिणझिण्या कुठे येतात ती जागा महिन्याला साधारण ३ सें.मी. पुढे सरकायला हवी. तीन-चार महिने एकाच जागी अडली, आणि तीही नळीच्या ठिकाणीच, तर पुन्हा उघडून बघण्याची चर्चा करा. स्पर्शासाठी मोनोफिलामेंट (ठराविक जाडीचा टोचायचा धागा) आणि टोचलेली दोन टोकं वेगळी कळायला लागणारं अंतर, दोन्ही वहीत तारखेसह लिहून ठेवा. ईएमजी (स्नायूंतल्या विजेची तपासणी) पहिल्या आठवड्यात करू नका, स्नायूचा नर्व्हशी संबंध तुटल्याच्या खुणा त्यात दिसायला तीनेक आठवडे लागतात. आणि बधिर बोट म्हणजे तवा आणि चहाचा कप न कळणारं बोट. भाजण्याबद्दल घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगा.

नीरा_काठ

कडबाकुट्टीत हात गेला तर लगेच नळी बसवतात का? आणि संक्रांतीच्या मांज्याने बोट कापलं तर?

मनगटवाला

मांजा किंवा काच म्हणजे धारदार काप. टोकं स्वच्छ असतात, पहिल्या काही दिवसांतच शिवा, बहुतेक वेळा नळी लागतच नाही. पहिल्या ७२ तासांत पुढच्या टोकाला उत्तेजन दिलं तर स्नायू अजून हलतो, त्यामुळे कुठली जुडी हालचालीची ते ओळखता येतं. तेवढ्यासाठी तरी उशीर नको.

कडबाकुट्टी उलट. ते पातं कापतं कमी, चिरडतं आणि ओढतं जास्त. नर्व्ह कुठपर्यंत मेली ते त्या दिवशी डोळ्यांना कळत नाही, चांगली वाटणारी दोन सें.मी. पुढे व्रण होऊन बसतात. जखम स्वच्छ करा, हाड आणि रक्तपुरवठा सांभाळा, नर्व्हची टोकं रंगीत नायलॉनने जवळच्या ऊतीला टाचून ठेवा म्हणजे आखडून आत जात नाहीत आणि परत सापडतात. साधारण तीन आठवड्यांनी व्रणाची सीमा स्पष्ट होते, तेव्हा छाटून फट मोजा. अशा इजेत फट बहुधा नळीच्या आवाक्याबाहेर जाते, तेव्हा पोटरी आधीच धुऊन तयार ठेवा. आणि नळी घालायचीच असेल तर तिच्यावर जिवंत मऊ ऊती पाहिजे. नुसत्या स्किनग्राफ्टखाली ठेवलेली नळी उघडी पडते.

बोट किंवा हात तुटून वेगळा झाला असेल तर तो तुकडा आणताना ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात. बर्फ थेट लावायचा नाही.

नीरा_काठ

कळलं. आमच्या गावच्या ग्रुपवर मांज्याचं आणि बर्फाचं एवढंच टाकतो.